पायांपुरती ऊब

थेरगावची थंडी आभाळातून उतरण्याआधी नदीतून वर येते. तुळशीची लग्नं लागली की पवनेवर पहाटे पांढरी वाफ धरू लागते. केजुदेवीच्या बंधाऱ्यापाशी ती आधी दिसते, मग बोट क्लबच्या झाडांत शिरते आणि उजाडायच्या आत डांगे चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिव्यांखाली तरंगत राहते. बातम्यांत सांगतात तो तापमानाचा आकडा शिवाजीनगरचा असतो, फार तर पाषाणचा. नदीकाठून सायकल हाकणाऱ्याच्या नडग्यांचा आकडा वेगळा असतो. आभाळ निरभ्र असलं की जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते, तिला लागून असलेली हवा गारठते आणि गार हवा जड, म्हणून उताराउताराने सखल जागी येऊन साचते. नदीचं पात्र, ओढ्यावरची मोरी, उसाची खोलगट रानं ही तिची मुक्कामाची ठिकाणं. पुलाशी आलं की गुडघ्याखाली एकदम गारठा लागतो, पूल ओलांडून थोडं वर चढलं की तो सुटतो. काचा लावून मोटारीतून जाणाऱ्याला हवेतले हे चढउतार कधी कळत नाहीत. मला ते कळतात, आणि ते कळावेत म्हणून मी पहाटे उठते.

आमच्याकडे हिवाळा लागला की पुष्कळ जणी सायकल गच्चीखाली टेकवून ठेवतात. मला त्याची हळहळ वाटते. वर्षभरात सायकलसाठी याहून चांगले महिने नाहीत. चैत्र-वैशाखात आठ वाजताच डोकं तापतं, आषाढ-श्रावणात खड्डा पाण्याखाली दिसत नाही. मार्गशीर्ष-पौषात मात्र चढावरही दम पुरतो, घाम उशिरा येतो आणि परतताना कोवळं ऊन पाठीवर असतं. अडचण एवढीच, की ते ऊन येईपर्यंतचे दोन तास पायांनी कसे काढायचे.

माझी आवडती वाट ताथवडे, पुनावळे, जांबे, नेरे करत कासारसाईच्या धरणाकडे जाते. महामार्गाखालचा बोगदा गर्दी व्हायच्या आत ओलांडला की पुढे गाव अजून गाव आहे, जिथे नव्या इमारतींनी जागा ठेवली आहे तिथे तरी. हिवाळ्यात या रस्त्याला गळिताचा वास असतो. कासारसाई-दारुंब्र्याला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे, आणि हंगाम सुरू झाला की मळीचा तो दाट, आंबूस-गोड वास धुक्यासारखाच खाली बसून राहतो. उसाच्या गाड्या समोरून येतात. गाडीवानाच्या अंगावर गोधडी, डोक्याला फडकं, डोळे तेवढे उघडे. उसाच्या पानांवरून दंव टपटपत असतं, वाढ्यांतून निथळत असतं, आणि रस्त्याच्या कडेचं गवत पायाला लागलं की पोटरी ओली होते. पावसाचा थेंबही न पडता माणूस इतका भिजू शकतो, हे मला या रस्त्याने दाखवलं. धुक्यातून अर्धा तास गेलं की मांडीच्या पुढच्या बाजूला, जिथे वारा आदळतो तिथे, मोत्यांसारखे बारीक थेंब उभे राहतात. ते आत मुरले तर पुढची वाट अवघड, वरच्या वर गळून गेले तर काही वाटत नाही. हिवाळी टाइट्स निवडताना मी सगळ्यात आधी हे थेंब आठवते.

टाइट्स म्हणजे पायाला घट्ट बसणारी, घोट्यापर्यंतची सायकलची विजार. आमच्याकडे बहुतेक जण जुन्या ट्रॅक पँटवर भागवतात, काही जण दोन लेगिंग एकावर एक चढवतात, कॉलेजची मुलं जीन्सवरच निघतात. सुती कापडाबद्दल मला माया आहे, उन्हाळ्यात त्याच्याइतकं सुख कशात नाही. पण थंडीत, सायकलवर, सूत घात करतं. ते पाणी पितं आणि धरून ठेवतं. ओलं कापड अंगाला चिकटलं की शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने निघून जाते, कारण स्थिर हवेच्या मानाने पाणी सुमारे पंचवीस पट चांगलं उष्णतावाहक आहे. शिवाय ते पाणी वाळतानाही आपल्याच अंगातून उष्णता घेतं, दर ग्रॅममागे जवळजवळ २,४०० ज्यूल. त्यात वारा भरीला असतो. २००१ साली कॅनडा आणि अमेरिकेने वाऱ्याच्या थंडीचं जे सूत्र ठरवलं, त्यात १० अंश तापमान आणि ताशी २५ किलोमीटरचा वारा घातला तर उघड्या कातडीला सुमारे ७ अंशांइतकी थंडी लागते. उतारावर वेग चाळीसला गेला की ६. हवा अगदी निवांत असली तरी हा वारा आपला आपणच तयार केलेला असतो. पायी चालणाऱ्याला आल्हाददायक वाटणारी पहाट सायकलवाल्याला बोचते ती म्हणूनच.

पण सायकल चालवणाऱ्या शरीराजवळ एक मोठी शिल्लक असते. आपण खर्च करतो त्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो, बाकीची सगळी उष्णताच होते. पाय भट्टी पेटवूनच निघालेले असतात. कापडाने नवी ऊब आणायची नसते, आहे ती वाऱ्याने पळवू नये आणि पाण्याने विझवू नये एवढंच पाहायचं असतं. हे एकदा मनात पक्कं बसलं की दुकानातल्या निम्म्या टाइट्स आपोआप बाजूला पडतात. युरोपातल्या बर्फासाठी बेतलेल्या, आतून दाट लव असलेल्या जाड टाइट्स हाताला फार सुखाच्या लागतात. पण त्या घालून आपण नेऱ्याच्या चढावर लागलो, की वीस मिनिटांत घाम धरतो, आणि मग धरणाच्या भिंतीजवळ चहाला थांबलं की तोच घाम गार होऊन अंगावर येतो. थेरगावच्या सायकलवाल्याला भिजवणारं पाणी दोन तऱ्हेचं असतं, एक बाहेरचं दंवाचं आणि एक आतलं घामाचं. दुसरं जास्त दगा देतं.

म्हणून मी कापड आधी उलटं करून पाहते. आत लव हवी, पण आखूड, घासून उठवलेली, बोट फिरवलं तर जेमतेम कळेल इतकी. तिच्यात हवेचा पातळ थर अडकून राहतो, आणि खरी ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. मग उजेडासमोर धरून पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी पाहते. चांगल्या टाइट्सना मांडीच्या आणि गुडघ्याच्या पुढे दाट विणीचा, वारा न शिरणारा पट्टा असतो, आणि गुडघ्याच्या मागे, पोटरीवर, कमरेपाशी कापड हलकं, श्वास घेणारं असतं. वारा मुख्यतः समोरून येतो, तर अडवायचाही समोरूनच. माझ्या मते सगळ्या निवडीत ही एक गोष्ट कशाच्याही बदल्यात सोडू नये. गुडघ्यांसाठी तर नाहीच. सांध्यातलं वंगण गारठ्यात घट्टावतं, आणि त्यावर हजारो वेळा पॅडल फिरवायचं असतं. पन्नाशीच्या आसपास हे ज्ञान पुस्तकातून घ्यावं लागत नाही.

बाकीचं हातासरशी पाहून घेते. घोट्याला चेन आहे का, म्हणजे बुटासकट काढता येईल. शिवण सपाट आहे का. आत गादी शिवलेली आहे की साधी आहे. साधी असेल तर ती गादीच्या शॉर्ट्सवरून घालता येते आणि ऊन वर आलं की रस्त्याच्या कडेला काढून खिशात कोंबता येते. मला ती साधीच बरी वाटते, कारण आपली थंडी नऊ वाजता उठून जाते. पोटरीवर चमकणारी पट्टी हवीच. मागून येणाऱ्या ट्रकला पॅडलबरोबर वरखाली होणारी ती पट्टी चटकन ओळखू येते.

पाणी परतवण्याचं तंत्र मला फार सुंदर वाटतं. अशा टाइट्सवर थेंब पडला तर अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा गोल होऊन उभा राहतो आणि पाय हलला की घरंगळून जातो. अळवाच्या पानावर मेणाचे डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, थेंबाला टेकायला जागाच मिळत नाही. कापडाच्या धाग्यांवर तसाच एक लेप चढवलेला असतो. हा लेप मुसळधार पाऊस थोपवत नाही. कोसळणाऱ्या धारांपुढे तासभरात कापड भिजतंच, शिवणीतून तर आधीच. पावसासाठी आत पडदा चिकटवलेलं कापड लागतं, ते महाग, कडक आणि आपल्या हवेत घाम कोंडणारं. दंव, धुकं, टँकरने शिंपडून ओला झालेला रस्ता, एखादी भुरभुर एवढ्याला लेप पुरतो. त्याची निगा सोपी आहे. धुताना कापड मऊ करणारं द्रावण कधीही घालायचं नाही, ते धाग्यांवर बसतं आणि थेंब मुरायला लागतात. धुण्याच्या सूचनांच्या चिठ्ठीवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवली की बराचसा लेप पुन्हा जागा होतो.

या लेपाविषयी एक गोष्ट मनाला लागून आहे. वर्षानुवर्षं तो फ्लोरीनच्या अशा रसायनांपासून बनत आला, जी निसर्गात जवळपास विघटितच होत नाहीत. पाण्यात गेली की पाण्यात, मातीत गेली की मातीत राहतात. आता पुष्कळ कंपन्या ती न वापरता लेप बनवतात आणि चिठ्ठीवर पीएफसी-फ्री किंवा पीएफएएस-फ्री असं छापतात. हे लेप तेलकट डागांपुढे कमी पडतात, लवकर विरतात, पुन्हा लावावे लागतात. तरी मी तेच घेते. केजुदेवीच्या बंधाऱ्यावर अलीकडच्या हिवाळ्यांत जो पांढरा फेस साचतो, तो लांबून धुक्यासारखा दिसतो. जवळ गेलं की वास येतो. सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या पाण्याने फेसाळलेली आमची नदी आहे ती, आणि थोड्या दिवसांनी तिच्यावर जलपर्णी चढते. तिच्या काठाने ऊबदार पायांनी फिरायचं आणि त्या उबेची किंमत तिनेच मोजायची, हे मला सोसवत नाही.

खरं तर टाइट्सच्या या नायलॉन-लायक्राच्या कापडाचं आणि पुण्याच्या या भागाचं नातं जुनं आहे. पुण्याची नोंदलेली सगळ्यात कडक थंडी १७ जानेवारी १९३५ ची, १.७ अंशांची. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत वॉलेस करोदर्सच्या चमूने नायलॉन पहिल्यांदा तयार केलं. ज्या थंडीत पुणेकर धोतराचा सोगा गुंडाळून शेकोटीभोवती बसले असतील, तिच्यावरचा उतारा जगाच्या दुसऱ्या टोकाला त्याच ऋतूत जन्माला येत होता. १९५८ मध्ये ड्यूपाँटच्याच जोसेफ शिव्हर्स यांनी ताणून पुन्हा जागेवर येणारा धागा काढला, तो लायक्रा. आणि नायलॉनचं सूत काढणारा सेंच्युरी एन्काचा कारखाना आपल्या भोसरीत कित्येक दशकं चालू आहे. तिथे कापडासाठीही धागा निघतो आणि टायरच्या पोटात घालायची दोरीही. त्याहून जुनं घ्यायचं तर घोंगडी आहे. धनगराने कातरलेली लोकर, सनगराच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ लावलेली. तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की मावळातला शेतकरी भर पावसात रोपं लावत उभा राही. लोकरीतला नैसर्गिक चिकटा पाणी वरच्या वर अडवतो, आणि थोडी ओली झाली तरी ती ऊब सोडत नाही.

पण लोकरीलाही मर्यादा आहे, आणि ती मला १ डिसेंबर २०२१ च्या रात्रीने शिकवली. ऐन थंडीत जिल्ह्यात अवकाळी पाऊस लागला होता. आमच्या इथे रस्त्यांवर पाणी आलं, कामावरून परतणारी माणसं पुलाखाली दुचाक्या लावून कुडकुडत थांबली. जुन्नर, आंबेगाव, खेड, पारनेरकडे उघड्या रानात बसवलेल्या कळपांतल्या शेकडो मेंढ्या त्या गारठ्यात गेल्या. ज्यांच्या अंगावरची लोकर आपण उबेसाठी पांघरतो, त्याच त्या. सतत पाऊस, सुटलेला वारा, बसायला कोरडी जागा नाही आणि रात्र लांब. थंडी एकटी आली तर तिच्याशी दोन हात करता येतात. तिच्याबरोबर पाणी आणि वारा आला की ती जीव घेते. ज्या धनगरांचं वर्षभराचं उत्पन्न त्या चिखलात पडलं, त्यांचे चेहरे वर्तमानपत्रात पाहिल्यापासून थंडीत पाणी परतवणारं कापड मला चैनीची वस्तू वाटत नाही.

बायकांच्या बाबतीत टाइट्सचा आणखी एक पेच असतो. गावठाणाच्या वळणावर सकाळी नळावर, दुधाच्या केंद्रावर ओळखीची माणसं असतात. घट्ट विजार घालून त्यांच्यासमोरून जायला पहिल्यांदा धीर लागतो. माझ्या सासूबाईंनी मला दारात थांबवून नीट न्याहाळलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "अगं, वरून लांब कुडता तरी घाल." मी घातला. पुढे त्यांनाच साखळीत अडकणाऱ्या कुडत्याची भीती वाटू लागली आणि मग त्यांनी स्वतःहून सैल अर्धी चड्डी वरून घालण्याचा तोडगा काढला. तो आजही उत्तम आहे, खिसेही मिळतात. आपल्या आज्या नऊवारीचा काष्टा मारून शेतात, घाटात, घोड्यावर वावरल्या. पायांना मोकळीक देणारं वस्त्र आपल्याला परकं नाही. निगडीच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवत पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यात रशियातल्या उणे २० अंशांच्या रात्रीही होत्या. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी जून २०२२ मध्ये पाच हजार मीटरहून उंच खिंडी ओलांडत लेह ते मनाली ५५ तास १३ मिनिटांत एकटीने पार केलं. त्या दोघींच्या पायांत काय होतं याची चौकशी नळावर कुणी करणार नाही, आणि केली तरी हरकत नाही.

मात्र पहाटे थेरगावच्या रस्त्यावर भेटणारे बहुसंख्य सायकलवाले हौसेने आलेले नसतात. डांगे चौकाच्या कोपऱ्यावर गठ्ठे सोडून पेपर लावणारी मुलं असतात. रात्रपाळी संपवून काळेवाडीकडे परतणारे वॉचमनकाका असतात, पहिल्या पाळीला निघालेले कामगार असतात, स्वयंपाकाची तीन घरं सातच्या आत उरकायची असलेल्या मावशी असतात. माझे वडील चिंचवडच्या एका कंपनीत सायकलने जात. कानटोपी, मफलर, आणि पँटला साखळीचं वंगण लागू नये म्हणून घोट्याला क्लिप. थंडी फार असली की आदल्या दिवशीचा पेपर सदऱ्याच्या आत छातीशी घालत. टूर द फ्रान्समधले स्वारही आल्प्सच्या उतारावर नेमकं हेच करत आले आहेत. कागद वारा अडवतो, आत हवा धरतो. आमच्याच थेरगावात पदमजींची कागद गिरणी आहे, त्यामुळे गावात कागदाची कधी कमी नव्हती. छातीला कागद होता, गुडघ्यांना काही नव्हतं. निवृत्तीनंतर थंडी पडली की ते दोन्ही गुडघे हातांनी झाकून बसत. त्यांना हिवाळी टाइट्स घेऊन द्यायचं वय माझं झालं तेव्हा त्यांचं सायकलचं वय संपलं होतं.

पेपरवाल्या पोराच्या अंगात वर स्वेटर असतो, कुणीतरी दिलेला. पायांत मात्र बाराही महिने तीच पातळ पँट, दंवाने मांडीपर्यंत भिजलेली. आपण थंडीचं वाटप करतो ते स्वेटर, शाली आणि चादरींचं. पायांचा विचार कुणी करत नाही, आणि सायकलवर वाऱ्याच्या तोंडाशी पायही असतातच.

तर स्वतःसाठी घेणार असाल तर पुढून वारा अडवणारी, मागून मोकळी, आतून आखूड लवेची, फ्लोरीनविरहित लेपाची, साधी, बिनगादीची टाइट्स घ्या. थेरगाव, वाकड, रावेत, चिंचवडच्या थंडीला एवढी पुरते. लोणावळ्याकडे किंवा पवनानगरच्या खोऱ्यात पहाटे जाणार असाल तर आत आणखी एक पातळ थर ठेवा. आणि घरात मापाला न बसणारी, पण धड असलेली अशी एखादी पँट पडून असेल, तर धुऊन, चेन चालते का पाहून, तुमच्या दारात पेपर टाकणाऱ्या मुलाला किंवा रात्रपाळीच्या काकांना आधी विचारून द्या. दिवाळीच्या सुमारासच द्या. संक्रांतीला दिलीत तर अर्धी थंडी त्यांनी तशीच काढलेली असेल.